बैल विकले आणि पहाट गेली : रोजच्या कोणत्या सवयी आपण कधी तपासल्याच नाहीत?

काळी_माती (यवतमाळ जिल्हा)
३० जानेवारी, रात्री ११.१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, आहे. साडेबाराला येईल, तोवर जागंच राहायचं आहे, म्हणून वावरातल्या खोपडीत बसून लिहितो आहे.

मी नऊ एकरांचा शेतकरी. पऱ्हाटी (कापूस), तूर, आणि विहिरीला पाणी असेल तेवढ्यात हरभरा. २०१९ च्या पोळ्यानंतर आमच्या कोठ्यातली शेवटची जोडी विकली. ढेप (पेंड) परवडेना, गडी मिळेना, पेरणी-वखरणी सगळी ट्रॅक्टरवर गेलेली. जोडी बाजारात नेली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. तो विषय निराळा आहे. मला सांगायचं आहे ते त्यानंतर आमच्या दिवसाचं काय झालं याबद्दल.

बैल होते तेव्हा घरात कोणी गजर लावत नव्हतं. साडेचार वाजले की बैल दाव्याला ओढ द्यायचे, घुंगरं वाजायची, बाबा उठायचे, मागोमाग मी. गव्हाणीत कुटार, वरून भिजवलेली ढेप, शेण काढणं, हौदावर पाणी. उजाडता उजाडता वखर वावरात. ऊन चढलं की दहा-साडेदहाला जोडी सोडायची, ती निंबाखाली आणि आपणही निंबाखाली. चारला पुन्हा जुंपायची. बैलाला ऊन सोसत नाही म्हणून दिवस असा वाटलेला होता. त्यात माणसाचाही जीव वाचत होता, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

जोडी गेली आणि उठायचं कारणच गेलं. पाचचे सहा झाले, सहाचे सात. डोळा उघडला की खाटेवरच मोबाईल. मग चहा, आंघोळ, पानठेला, अजून एक चहा. वावरात पाय ठेवायला अकरा. ज्या वेळी बैल सावलीला जायचे, नेमका त्या वेळी मी उन्हात जायला लागलो. गेल्या मे महिन्यात शेणखत पसरवताना चक्कर येऊन पडलो. सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, "पंचेचाळीसच्या उन्हात भरदुपारी वावरात काय काम काढलं होतं?" मला काही सांगता आलं नाही. ते काम सकाळी सहाला झालं असतं.

त्यानंतर मुलाची अर्धी कोरी वही घेतली. दहा दिवस, रोज जे जे करतो ते लिहिलं आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहिले. हे कधीपासून करतो? ज्या कारणासाठी सुरू केलं ते कारण अजून आहे का?

दुसऱ्या प्रश्नानं मला हलवलं. एक उदाहरण देतो. घर ते वावर अडीच किलोमीटर. दिवसात माझ्या चार-पाच फेऱ्या व्हायच्या. कधी पाना घरी राहिला, कधी सुतळी, कधी स्टार्टरचा फ्यूज. बाबांच्या काळी असं होत नव्हतं. विचार करता करता उलगडलं : बैलबंडी होती तेव्हा बंडीत एक लोखंडी पेटी कायम असायची. हातोडी, पाना, पेंचिस, दोर, विळा, काडीपेटी, सगळं त्यात. बंडी गेली, फटफटी आली, पेटी घरी माळ्यावर गेली. फेऱ्या तेव्हापासूनच्या. पेटी खाली काढली, धुतली, विहिरीवरच्या खोपडीत साखळीनं बांधून ठेवली. फेऱ्या दोनवर आल्या. पेट्रोल वाचलं ते वेगळं, पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काम मधेच तुटायचं थांबलं.

वहीत अजून दोन गोष्टी निघाल्या. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, दिवसाला सात. आणि पानठेल्यावर रोज अडीच तास. त्यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

तुम्ही कोणी असं तपासलं आहे का? तुमच्याकडच्या सवयी कुठून आल्या?

---

वऱ्हाडी_ठेचा (अकोला जिल्हा)
३१ जानेवारी, सकाळी ७.०५

भाऊ, बैलाचं वाचलं अन् मले माहा बुढा आठोला. थो बी जोडी गेल्यावर सकायी उठून खाली कोठ्यात जाऊन उभा राहे.

पन पानठेल्याची गोठ मले पुरी पटली नाई. घरच्यायले वाटते मानूस तिथं रिकामा बसते. मी ट्रॅक्टरचा नंबर तिथंच लावतो. उद्या कोनाच्या वावरात बाया चालल्या, कोन्या दुकानात कोनतं औषध खरं भेटते, हरभऱ्यावर घाटेअळी कोठलोक आली, हे सबन तिथंच समजते. दोन सालाआंधी शेजाऱ्यानं पानठेल्यावर सांगतलं म्हनून मी टाइमावर फवारलो अन् माहा चना वाचला. ते बसनं बंद केलं तर मानूस एकटा पडते.

आमचा भाग खारपानपट्टा. विहिरीचं पानी खारं, ओलिताले कामाचं नाई. चना पेरला का मंग काढनीलोक हाताले काम नसते. तुमची सवय बैलानं लावली, आमची या पान्यानं लावली. चार महिने बसाची सवय लागली का पेरनीच्या टाइमाले आंग हालत नाई.

---

काळी_माती
३१ जानेवारी, दुपारी १.४०

भाऊ, तुमचं खरं आहे आणि मी ते वहीत लिहून घेतलं. पानठेल्यावर कामाचं जे बोलणं होतं ते संध्याकाळी सहा ते सातमध्ये होतं, सगळे वावरातून परतलेले असतात तेव्हा. सकाळच्या दीड तासात मोबाईलवरचे व्हिडिओ एकमेकांना दाखवण्यापलीकडे काही होत नाही, निदान आमच्या गावात तरी. संध्याकाळचा तास ठेवतो, सकाळचा सोडून पाहतो.

---

मूळगाव_दारव्हा (सध्या पुणे)
३१ जानेवारी, रात्री ९.२०

फार मनापासून लिहिलंय. मी आयटीत आहे. माझ्या अनुभवावरून एक सांगतो : रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे पाचला उठायचं, काहीही झालं तरी. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. पहिले तीन आठवडे जड जातात, मग शरीर आपोआप उठतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवल्यानं मला तरी खूप फरक पडला.

---

काळी_माती
१ फेब्रुवारी, पहाटे ४.५०

दादा, मोबाईलचं एकदम मान्य. आजपासून तो देवळीत, खाटेपासून लांब.

पण पाचला उठायचं तुम्ही म्हणता, आणि मी आत्ता, पाचला दहा कमी असताना, ओलित करून घरी आलो आहे. आमच्याकडे एक आठवडा दिवसाची लाईन, एक आठवडा रात्रीची. स्प्रिंकलरचे पाइप दर अडीच-तीन तासांनी बदलावे लागतात. थंडीत ओल्या मातीतून पाइप खांद्यावर घेऊन चालायचं, एका हातात बॅटरी, कान रानडुकरांकडे. असं करून घरी आल्यावर पाचचा गजर कोणासाठी लावायचा?

दर दुसऱ्या आठवड्याला माझी झोप मोडते आणि वर मीच स्वतःला आळशी म्हणतो, हेसुद्धा वहीतूनच कळलं. बाबा माझ्या वयाचे असताना त्यांना हे नव्हतं, त्यांच्या विहिरीवर मोट होती, आणि मोट दिवसाच चालते.

---

रोवणा (भंडारा जिल्हा, धानपट्टा)
१ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

काळी माती भाऊ, ऑटो बसवून घ्या. लाईन आली की मोटर आपोआप चालू. आमच्याकडे उन्हाळी धानाला सगळ्यांनी बसवले आहेत. बांधीत पाणी भरायचं असतं, पाइप बदलायचे नसतात, त्यामुळे आम्ही झोपतो तरी. तुमच्या स्प्रिंकलरला तेवढा उपयोग होणार नाही, पण पहिली पाळी तरी आपोआप सुरू होईल.

---

डीपीवाला (निवृत्त, वर्धा जिल्हा)
१ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

तीस वर्षं खांबावर काढली आहेत, म्हणून कळकळीनं सांगतो. ऑटोची सवय सगळ्या गावाला लागली आणि डीप्या (ट्रान्सफॉर्मर) जळायला लागल्या. लाईन आल्याच्या क्षणाला एका डीपीवरचे पंधरा-वीस पंप एकदम चालू होतात. मोटर सुरू होताना ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. तो धक्का डीपीला बसतो, फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जाते. मग आठ-पंधरा दिवस सगळेच कोरडे.

ऑटो ठेवायचाच असेल तर डीपीवरच्या लोकांनी एकत्र बसून टायमर वेगवेगळ्या वेळेला लावा. पहिला लाईन आल्यावर दोन मिनिटांनी, दुसरा चार मिनिटांनी, असं. आणि प्रत्येक मोटरला कॅपॅसिटर बसवा. आम्ही ओरडून थकलो. दोन-चारशे रुपयांची गोष्ट आहे, पण शेजारी बसवत नाही म्हणून मीही बसवत नाही, ही सवयच आहे.

फ्यूज उडाला की स्वतः काठीनं टाकायला जाऊ नका. ती सवय मी माझ्या नोकरीत फार महाग पडलेली पाहिली आहे.

---

सूर्यपंप (अमरावती जिल्हा)
१ फेब्रुवारी, दुपारी ३.००

आमच्याकडे "मागेल त्याला सौर कृषीपंप" मधून पंप बसला. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. ढगाळ दिवशी पाणी कमी येतं, पण दिवसा येतं. मला सर्वांत मोठा फरक झोपेत पडला. पहिले दोन महिने मात्र मी रात्री दीडला उठून अंगणात येऊन बसायचो. लाईन नाही, ओलित नाही, तरी उठायचो. बायको म्हणायची, आता कशाला उठता? शरीराला सवय लागली की कारण गेल्यावरही ती जात नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. तुमचा दुसरा प्रश्न म्हणून मला फार भिडला.

---

दोन_बोटं (नागपूर जिल्हा)
२ फेब्रुवारी, रात्री १०.३५

काळी माती, तुम्ही सात खर्रे लिहून पुढे गेलात. तिथे थांबा.

मी या नावानं इथे का लिहितो ते सांगतो. चारचौघांना तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात. माझ्या तोंडात दोनही कशीबशी जातात. वय ३४.

मी कॉलेजात असताना खर्रा सुरू केला. खर्रा कसा बनतो ते सगळ्यांना माहीत आहे : सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घालून पाट्यावर नाहीतर तळहातावर घोट घोट घोटायचा. ती घोटण्याची मजाच निम्मी. मित्र आला की पन्नी पुढे करायची, "घे ना भाऊ". नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. आमच्याकडे चहासारखा मान आहे त्याला.

पहिलं लक्षण ठेचा. जिभेला नव्हे, गालांना आतून आग व्हायची. भाकरीचा घास मोठा जाईना. मी लहान घास करायला लागलो आणि तीही सवय झाली, त्यामुळे दोन वर्षं कळलंच नाही की तोंड बंद होत चाललं आहे. दंतवैद्याकडे दाढेसाठी गेलो. ते म्हणाले, आ करा. मी म्हटलं, केला आहे.

लोकांना वाटतं वाईट फक्त तंबाखू. सुपारीही तेवढीच वाईट. गालाच्या आतलं कातडं तिनंच ताठरतं, दोरीसारखे पट्टे होतात, आणि एकदा ताठरलेलं पूर्ववत होत नाही. सोडल्यावर वाढायचं थांबतं, व्यायामानं थोडं मोकळं होतं, एवढंच. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो म्हणून मला दर सहा महिन्यांनी दाखवावं लागतं.

सोडताना माझ्या कामाला आलेलं सांगतो. तलफ येते तेव्हा वाटतं ती वाढतच जाणार. पाच-दहा मिनिटं कशीही काढली की ती ओसरते. मी खिशात भाजलेलं जवस ठेवायचो, मीठ लावून, त्याच पन्नीत. हाताला पन्नी उघडायची सवय असते, ती एकदम तोडू नका, आतला माल बदला. दुसरं, पानठेल्यावर जायची वाट बदलली. तिसरं, १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर आहे, मी केला होता. ओरडत नाहीत, नीट बोलतात.

ओलिताच्या रात्री झोप येऊ नये म्हणून लोक सुरू करतात. (तुम्ही लिहिलं नाही, पण मला खात्री आहे तुमचंही तसंच असेल.) आता तोंड उघडून बोटं घालून बघा. मोबाईल बाजूला ठेवून आत्ताच.

---

काळी_माती
२ फेब्रुवारी, रात्री ११.२०

घातली. तीन जातात, पण ताणून.

हो दादा, ओलिताच्या रात्रीच सुरू झाला. बारावीच्या सुट्टीत, याच विहिरीवर.

तुमचं वाचून मला २०१७ आठवलं. त्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, दवाखान्यात किती होते विचारू नका. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणं चाललेलं, तोंडाला फार तर दुपट्टा. माझा चुलतभाऊ तेव्हा बाराव्या दिवशी घरी आला. तो फवारणी करता करता त्याच हातानं खर्रा घोटायचा. मीही तेच करत होतो. त्याला मळमळ झाली, मला झाली नाही, एवढाच फरक. त्यानंतर हातमोजे आले, चष्मे आले, पण फवारणीच्या मधे खर्रा घोटणं अजूनही कोणाला खटकत नाही.

उद्यापासून किती कमी होतात ते इथेच लिहीन. लिहिल्यावर लाज राहील.

---

कोरडवाहू (बुलढाणा जिल्हा)
४ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

मंडळी, राग मानू नका. सगळं वाचलं. पण २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर असताना मी चार हजारांच्या आसपास विकली. तुम्ही पहाटे उठा की सातला, पेटी माळ्यावर ठेवा की विहिरीवर, भाव तोच. रात्रीची लाईनही आपण मागितलेली नाही. सवयी तपासा म्हणणं म्हणजे शेतकऱ्यालाच दोष देणं होतं. शहरातले लोक आधीच म्हणतात की खेड्यातली माणसं पारावर बसून असतात.

---

काळी_माती
४ फेब्रुवारी, रात्री ८.१५

भाऊ, राग कशाचा. तुमचं बोलणं पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे. वही लिहिल्यानं माझ्या कापसाला क्विंटलमागे एक रुपया जास्त मिळालेला नाही, मिळणारही नाही. भावासाठी, दिवसाच्या लाईनसाठी भांडावंच लागेल, आणि मी मोर्चाला जातो.

पण मे महिन्यात मी वावरात पडलो तेव्हा ते भावामुळे नव्हतं. माझ्या पोराला सकाळी शाळेत सोडायला मी नसायचो, तेही भावामुळे नव्हतं. वहीत मी दोन रकाने केले आहेत. एकात जे माझ्या हातात नाही ते. रात्रीची लाईन त्यात आहे, भाव त्यात आहे. तो रकाना आधी नव्हता, सगळंच माझ्या आळसाच्या नावावर होतं. तो वेगळा काढला तेव्हा छातीवरचं ओझं हललं, हे खरं सांगतो.

---

कोरडवाहू
४ फेब्रुवारी, रात्री ९.००

दोन रकान्यांचं पटलं. माझ्याही घरी मुलांच्या जुन्या वह्या पडल्या आहेत.

---

रानतुळस (आशा कार्यकर्ती, चंद्रपूर जिल्हा)
९ फेब्रुवारी, दुपारी २.२५

सगळे भाऊ लिहीत आहेत, म्हणून मी बायांचं लिहिते. घरोघरी फिरते, त्यामुळे हे मला रोज दिसतं.

आमच्या गावात बाई सगळ्यांना वाढून मग जेवते. भाजी संपलेली असते, वरणाचं पाणी उरलेलं असतं. जेवण झालं की लगेच काळा चहा. विचारलं तर म्हणतात, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. चहा जेवणाला चिकटून घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत निघालं आहे. मी लोहाच्या लाल गोळ्या वाटते, आणि त्या चहाबरोबर गिळतात! आता मी सांगते : गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहा तासाभरानं, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. आमच्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पुष्कळ आहे, म्हणून थकवा आला की आपल्या मनानं गोळ्या सुरू करू नका, आधी रक्त तपासा.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते पाण्याचं आहे. वावरात कामाला जाणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. अकरा ते पाच वेचणी करतात, डोक्यावर ऊन असतं, आणि दिवसभरात एक पेला. पुष्कळांना लघवीची जळजळ, पोटात दुखणं, दर दोन-तीन महिन्यांनी. मी सुरुवातीला म्हणायचे, पाणी प्या गं बाई. एकीनं मला गप्प केलं. म्हणाली, "ताई, पेलं त जाऊ कुठी?"

सपाट वावर, धुऱ्यावर झाड नाही, पलीकडे रस्ता. आडोसा नाही म्हणून पाणी नाही. ही सवय आईनं मुलीला लावलेली आहे, पहिल्यांदा कामाला नेते तेव्हाच सांगते की सकाळी पाणी पिऊ नको. सिकलसेलवाल्या बाईनं पाणी तोडलं तर तिला सांध्यांचं दुखणं उठतं, दवाखान्यात न्यावं लागतं.

काळी माती दादा, तुमच्या वावरात बाया येतात. त्या काय करतात, तुमच्या वहीत आहे का?

---

काळी_माती
९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नाही ताई. वहीत नाही.

दहा-बारा बाया येतात वेचणीला. त्यांच्यासाठी मी कॅन भरून नेतो आणि संध्याकाळी अर्धी तशीच परत आणतो. घरी म्हणायचो, बायांना पाणी कमी लागतं. इतकी वर्षं मला हेच वाटत होतं.

---

वऱ्हाडी_ठेचा
१० फेब्रुवारी, सकाळी ६.३०

ताई, माह्या माय ने बी असंच केलं जनमभर. तिच्या मुतखड्याच्या टाइमाले डॉक्टर इचारे, पानी काऊन पेत नाई? ती काई बोले नाई. मले आज समजलं.

---

मास्तरीण (अमरावती जिल्हा)
२३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.००

आज गाडगेबाबांची जयंती. या आठवड्यात शाळेत मुलांना त्यांच्याबद्दल सांगताना हा धागा आठवला.

बाबा आमच्याच जिल्ह्यातले, १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेले. मुलांना खराटा माहीत असतो. मी त्यांना कीर्तनाबद्दल सांगितलं. बाबा कीर्तनात सांगत कमी आणि विचारत जास्त. समोरच्या शेतकऱ्यांना एकामागून एक प्रश्न, आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढायची. कर्ज काढून जेवणावळ का घालता? देवाला बकरं का कापता? पोराला शाळेत का घालत नाही? स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण दिलं, तेव्हा भावकी रागावली होती. म्हणजे आधी घरात करून मग बाहेर विचारलं.

मुलांना मी काळी माती यांचेच दोन प्रश्न दिले आणि घरी जाऊन एकेका गोष्टीबद्दल आजी-आजोबांना विचारायला सांगितलं. सहावीतल्या एका मुलीनं लिहून आणलं : "आमच्या घरी झाडू संध्याकाळी मारत नाहीत. आजी म्हणाली, आधी लाईट नव्हते, अंधारात पडलेली वस्तू कचऱ्यात जाऊ नये म्हणून. आता लाईट आहे." खाली तिनं लिहिलं होतं, "म्हणून मी काल संध्याकाळी झाडलं. आजी काही बोलली नाही."

दुसऱ्या एकानं विचारलं, बाई, पोळ्याला बैल नसले तरी मातीचे का पुजतो? त्याचं कारण अजून आहे की नाही? मी म्हटलं, हे तू ठरव. वर्गात बराच वेळ चर्चा चालली.

---

काळी_माती
११ मार्च, रात्री ८.५०

हरभरा निघाला, म्हणून आज निवांत लिहितो.

आधी खर्रा. सातावरून दोनवर आलो, मधे तीन दिवस शून्य होता, मग मामाच्या तेराव्याला गेलो आणि चार झाले. परत दोनवर आहे. दोन बोटंवाले दादा, जवस लागू पडलं. रात्रीच्या लाईनच्या आठवड्यात मात्र जमत नाही. त्या आठवड्यासाठी वेगळं वेळापत्रक केलं आहे : सकाळी नऊपर्यंत झोप, दुपारी बारा ते तीन पुन्हा झोप, खोलीला गोणपाट लावून अंधार केला आहे. दिवसाच्या लाईनच्या आठवड्यात साडेपाचला वावरात. घरच्यांना दोन्ही वेळापत्रकं भिंतीवर लावून दाखवली, त्यामुळे दुपारी झोपलो तर कोणी काही म्हणत नाही. आमच्या डीपीवरच्या चौदा जणांपैकी नऊ जणांनी टायमर मागेपुढे लावायला होकार दिला आहे.

आता रानतुळस ताईंचं. तूर निघाल्यावर तुराट्या जाळायच्या नाहीतर चुलीला आणायच्या, ही आमची रीत. यंदा त्यातल्या तीन बंड्याभर तुराट्यांचा कूड बांधला, विहिरीपासून दूर, धुऱ्याच्या कोपऱ्यात. पुरुषभर उंच, आत खड्डा, राखेचं टोपलं, पाण्याची बादली, गोणपाटाचं दार. अर्ध्या दिवसाचं काम. बाबांनी विचारलं, "हे काय बांधून राहिला?" सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं जुनं दावं घेऊन आले आणि वरची आडवी काठी त्यांनीच बांधली, बैलाचा फास मारतात तशी गाठ मारून.

पहिल्या दिवशी हरभरा सोंगायला आलेल्या बायांपैकी कोणी तिकडे गेलं नाही. माझ्या बायकोला म्हटलं, तू जा. ती सगळ्यांना दिसेल अशी गेली आणि आली. मग मी गावात निघून गेलो.

संध्याकाळी कॅन आणायला गेलो तर वीस लिटरची कॅन आडवी पडलेली होती. सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, "भाऊ, उद्या दोन आनजो."